पखालीला माशाचा वास

सदाभाऊ,

तुझ्या गळ्याची घेतलेली शपथ मी काल मोडली. घोरावाडीच्या शाळेच्या पडवीत, गावच्या माणसांसमोर मोडली, आणि घरी येऊन पोटभर जेवले. हे आधीच सांगून टाकते. तू म्हणशील, आक्का, माझं तेरावं तरी होऊ द्यायचं. तेरावं परवा झालं. तुझी बायको रडत नाही, नुसती भांडी घासत बसते. तिच्याकडं बघूनच मी ठरवलं की आता आपण गप्प बसायचं नाही.

तुझ्या शोकसभेत सगळे तुला गुरुजी म्हणत होते. मला वाटलं, हे कोणा दुसऱ्याचंच बोलतायत. माझ्या लेखी तू मासेमास्तर. पुण्याच्या कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकून आलेला, काडीसारखा पोरगा, काखेत छत्री, खिशात वही. कंपनीनं नदीवर भिंत घातली, वीज करायला पाणी अडवलं, आणि आमच्या नदीतला खडस अडकून पडला. खडस म्हणजे हातभर मासा, अंगावर रुपयाएवढे खवले. पावसाळ्यात अंडी घालायला उगमाकडं चढणारा. तो भिंतीला नाक आपटून मरायला लागला, वरच्या पाण्यात गोऱ्या साहेबांच्या गळाला काही लागेना, तेव्हा माशांना वर पोचवायला म्हणून तुझी नेमणूक झाली. साहेबांना माशांची दया आली असं तू मला शेवटपर्यंत सांगायचास. गळ टाकणाऱ्याची दया, भाऊ. तुझा माणसांवरचा विश्वास म्हणजे एक रोगच होता.

भिंतीच्या पायथ्याशी तू दगडी पायऱ्यांचा पाट बांधून घेतलास. पायरीवरून पायरीवर पाणी सांडायचं, मासा उड्या घेत वर यायचा आणि शेवटच्या हौदात थांबायचा. तिथून पुढं मात्र उभी भिंत. हौदातला मासा वरच्या पाण्यात न्यायचा कसा, या विचारात तू आमच्या झोपडीपुढं उभा राहिलास. आमचे हे पखालजी. धरण बांधत होते तोवर रेड्यावर कातड्याची पखाल टाकून गवंड्यांना पाणी पाजायचे. भिंत उभी राहिली, गवंडी गेले, पखाल खुंटीला लागली. आमचा रेडा बादशा नुसता बसून खात होता आणि आम्ही नुसते बसून होतो.

"उस्मानचाचा, पखालीत मासे घालून वर न्याल का?"

ह्यांनी तुझ्याकडं बघितलं, मग रेड्याकडं. "मास्तर, पखालीतलं पानी मानसं पित्यात."

"आता कोण पितंय?"

"कोन न्हाई," हे म्हणाले आणि खुंटीवरची पखाल काढली.

पण खरी भांडणं त्यानंतरची. पखाल गळ्यापर्यंत भरायची, रेडा चालला तरी आत आवाज होता कामा नये, ही पखालजीची अब्रू. आणि तू म्हणालास, अर्धीच भरा, तोंड उघडं ठेवा, हिंदकळू द्या. पाणी हिंदकळलं की त्यात हवा मिसळते, माशाला श्वास मिळतो. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. अर्धी पखाल डुचमळवत गावच्या वाटेनं जायचं म्हणजे धोतर सोडून जाण्यासारखं. टाकव्याच्या बाया पाणवठ्यावर बोलायच्याच, "चाचाला आता पखाल पेलंना गं." त्यावर हे ओरडून सांगायचे, "आत मासं हायती!" त्यावर तर त्या आणखीच हसायच्या.

पहिल्या खेपेचे मासे मेले ते माझ्यामुळं. कातड्याला तेल असतं. माशाला त्याचा वास लागू नये म्हणून मी पखाल आतून रिठ्यानं घासघासून धुतली. वर पोचेपर्यंत तिन्ही खडस पांढरी पोटं वर करून तरंगत होते. तू आत हात घातलास, बोटांवरचा फेस नाकाशी नेलास.

"आक्का, रिठा?"

"व्हय. सोच्छ धुतलीया."

तू उठलास. एका हंड्यात चार बारके मासे घेतलेस, त्यात रिठ्याचं थोडं पाणी ओतलंस, आणि आपण दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. ते उलटे झाले तेव्हा मी तोंडावर पदर ओढला. तू वहीत लिहिलंस, "तीन मासे दगावले. चूक माझी. पखाल तपासली नाही." तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढं आलं, तेव्हा त्या पानावर मी रडले, इतकं बरं वाटलं. आता वाटतं, तिथंच तुझा हात धरायला हवा होता. दुसऱ्याची चूक आपल्या नावावर लिहायची तुझी खोड त्या पानापासूनची. तीच तुला नडली आणि आम्हालाही.

आठवतं, तू मृगापासून हौदाकाठी छत्री धरून बसायचास? पुस्तकात होतं, पाऊस लागला की मासा चढतो. मळे मासे चढले, बारक्या चिंगळ्या चढल्या, खेकडेसुद्धा चढले. खडसाचा पत्ता नाही. मी भाकरी घेऊन यायची आणि विचारायची, "मास्तर, पुस्तकातला मासा आला का?"

"येईल, आक्का."

"पुस्तकाला म्हनावं, खडस घायकुता न्हाई. गढूळ पान्यात अंडी घालून लेकरांवर चिखुल कशाला वढवून घील? सरावनात पानी निवळू द्या."

श्रावणात पाणी निवळलं आणि एका सकाळी हौद खडसांनी काळा झाला. तू वहीत लिहिलंस, "जैनबी पखालीण म्हणते त्याप्रमाणे." बोट ठेवून मला ते दाखवलंस. माझं नाव कागदावर आलं ते त्या दिवशी, आणि मग एकदम रेशनकार्डावर. ती ओळ मी चुलीपुढच्या राखेत गिरवत बसायची. जै वरून जैनबी, प वरून पखाल. तू शिकवायला बसलास तर मी लाजायची, म्हणून वही मुद्दाम आमच्याकडं विसरून जायचास. मला ते कळत होतं, भाऊ. आज हा कागद मी लिहितेय तो त्या विसरलेल्या वहीवर शिकलेला आहे. त्याचे उपकार मानायचे राहिले. मानते. पण थांब, अजून भांडण संपलेलं नाही.

वर सोडलेला मासा परत खाली उतरतो का, तोच पुन्हा चढतो का, हे तुला बघायचं होतं. खूण हवी होती. देवाच्या डोहातल्या माशाला नवस फेडायला नथ घालतात, ते मी तुला सांगितलं. तू असा उडालास की छत्री पाण्यात पडली. मग ह्यांनी पखालीच्या तोंडाच्या पितळी तारेतून बारीक कड्या वळल्या, तू कानशीनं त्यांवर खाचा केल्यास. एक खाच, दोन खाचा, अशा. संध्याकाळी हौदातल्या मोठ्या खडसांच्या ओठाच्या कडेला कडी घालायची, रात्रभर त्यांना निवांत राहू द्यायचं, आणि सकाळच्या गारव्यात पखालीतून वर न्यायचं. आणि सकाळी बघावं तर मोठ्यांतले एकदोन गायब.

तुझ्या मते पाणमांजर. पूर्ण एक पावसाळा तू त्या पाणमांजराच्या मागं होतास. हौदाला बाभळीचं कुंपण केलंस, राख पसरून ठेवलीस, पाऊल उमटेल म्हणून. राखेत पाऊल उमटलंसुद्धा, बुटाचं. तू म्हणालास, "शिपाई पाहणीला आला असेल."

"आणि कुंपनाची बाभळ कुनी सारली? पानमांजरानं?"

"आक्का, पुराव्याशिवाय कोणाबद्दल बोलू नये."

पुरावा पारूनं आणला. कुरवंड्याची पारू, बिचारी विधवा, धरणाच्या हेड ओव्हरसियरच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. त्या माणसाचं नाव मी या कागदावर घालणार नाही. त्याला नाव मिळू नये हीच माझी इच्छा. बंगलेवाला म्हणते. पारू पदराची गाठ सोडून म्हणाली, "चाची, या नथी तुमच्या हायत का बघा. माशाच्या तोंडातनं निघाल्या. दर आठवड्याला निघत्यात." आम्ही दोघी आधी हसलो. काय करणार, माशाच्या नथी. मग मी खाचा बघितल्या आणि माझं हसू गेलं. बंगलेवाल्याचा शिपाई उजाडायच्या आत हौदातले मोठे खडस उचलायचा, आणि तू दिवसभर पाणमांजराच्या लेंड्या शोधत फिरायचास.

मी तुला सांगितलं. तू खाली बसलास. म्हणालास, विचार करू. तुझा विचार होईपर्यंत आठ दिवस गेले. तेवढ्यात एक गोरा साहेब वरच्या पाण्यात दोन दिवस गळ टाकून बसला आणि त्याला काही लागलं नाही. मासे कुठं जातात म्हणून त्यानं विचारलं. बंगलेवाल्यानं सांगितलं, मासे लोणावळ्याच्या बाजारात जातात. मासेमास्तर आणि पखालजी मिळून विकतात. आपल्याला त्याच्या व्हरांड्यापुढं उभं केलं. त्यानं पखाल मागवली, तिच्या तोंडाला नाक लावून हुंगली, साहेबापुढं धरली आणि म्हणाला, "वास घ्या साहेब." साहेबानं वास घेतला, नाकाला रुमाल लावला. तेवढाच पुरावा. ज्या पखालीतून दोन पावसाळे मासेच नेले तिला कसला वास येणार होता, मोगऱ्याचा?

कड्या माझ्या कनवटीला होत्या, सदाभाऊ. त्याच वेळी, तिथंच. मी पाऊल उचललं आणि तू माझी बाही धरलीस. तुझी नजर माझ्या मागं होती. मी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या दारात पारू, हातात उलथणं, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

मग झोपडीत येऊन तू माझा हात आपल्या गळ्यावर ठेवलास. "या कड्या दाखवायच्या नाहीत. कड्या बंगल्यातून आल्या म्हटलं की पारूनंच मासे चोरले असं तो म्हणेल. तिची सासू लुळी पडलीय. तिची चूल जाईल. माझं काय, नाव जाईल. नावाशिवाय जगता येतं." मी शपथ घेतली. रागानं घेतली. तुझं मन मोठं होतं हे मला त्याच वेळी कळलं आणि त्याच वेळी तुझा संताप आला. दोन्ही अजून तसंच आहे.

कंपनीनं तुला आणि ह्यांना कामावरून काढलं. तू घोरावाडीला शाळेत लागलास. तिथल्या मुलांनी तुला गुरुजी केलं. तुझं भलं झालं. आमचं काय झालं ते तू कधी नीट ऐकून घेतलंस? ह्यांना वाटेत पोरं नाक दाबून दाखवायची. कुणाच्या लग्नात पाणी भरायला पखाल लागली तर म्हणायचे, नको बाबा, वास येतो. बादशा विकला. हे मरायच्या आधी चार दिवस मला म्हणाले, "जैनबी, म्या मासं विकलं न्हाई ना गं?" स्वतःलाच खरं वाटेनासं झालं होतं. पखालजीला पखालीवरून नाव ठेवलं की तो आतून गळतो. तुझं नाव तू सोडलंस, तो तुझा हक्क. पण ह्यांचं नाव त्याच गाठोड्यात होतं. ते सोडायचं तुला कोणी सांगितलं होतं? हे मी तुला तोंडावर कधी विचारलं नाही. दर ईदीला तू शेवया खायला यायचास, मी वाढायची, आणि प्रश्न तसाच गिळायची.

या फाल्गुनात पारू गेली. सासू कधीच गेली होती. मातीहून मी तडक तुझ्याकडं आले आणि म्हणाले, "आता?" तू खाटेवर होतास, छातीत घरघर.

"आता काय उपयोग, आक्का? त्यानं मासे थोडेच चढणार आहेत."

"मासं न्हाई चढनार. तो उतरंल."

तू हसलास. खोकला आला तरी हसत होतास. म्हणालास, "श्रावणात बघू." आणि ज्येष्ठातच गेलास. मला थाप मारून जाणारा तू पहिलाच. मी तुझ्या उशाशी बसले होते, तुझ्या गळ्याकडं बघत होते, आणि मनात म्हणाले, ज्या गळ्याची शपथ तो गळाच आता जळणार. शपथ कशावर टिकायची?

म्हणून काल कड्या घेऊन गेले.

मला वाटलं होतं, त्याला शोधत धरणावर जावं लागेल. तर तोच सभेला आलेला. पेन्शनीत गेलाय, धरणाच्या वाटेच्या वळणावरच बंगला बांधलाय. कोट, काठी, छत्री. सगळ्यांनी त्याला पुढं बसवलं. तुझ्या फोटोला हार घातला आणि बोलायला उभा राहिला. "माणूस सज्जन होता. तरुणपणी हातून एक चूक झाली. पण आम्ही ती चारचौघांत कधी काढली नाही."

चारचौघांतच काढत होता, भाऊ. तू मेल्यावरसुद्धा.

मी उठले. म्हणाले, "सायेब, हात फुडं करा. मास्तरांची ठेव हाय, तुमाला द्यायची ऱ्हायली." त्यानं प्रसाद घ्यावा तशी ओंजळ केली. मी गाठ सोडली आणि कड्या त्या ओंजळीत ओतल्या. घासून लख्ख केल्या होत्या. मग लोकांकडं तोंड करून सगळं सांगितलं. हौद, खाचा, बूट, पारू. तुझी वही हेडमास्तरांनी हाराशेजारी ठेवलीच होती. मी म्हणाले, सरावनाचं पान काढा. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "दोन खाचा. मादी. सकाळी हौदात नाही. पाणमांजर?" पुढचं, "तीन खाचा. मादी. सकाळी नाही. पाणमांजर?" तिसऱ्या पाणमांजराला मागं कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळी पडवी बंगलेवाल्याकडं बघायला लागली.

आणि त्यानं काय करावं? ओंजळीतल्या कड्या कोटाच्या खिशात टाकल्या. विचार न करता, सवयीनं.

बाकावरून एक जण म्हणाला, "सायेब, खिशातल्या कड्या टेबलावर ठिवा."

"कसल्या कड्या?" तो म्हणाला.

इतकं मला पुरे होतं. मला वाटलं होतं, वाद घालावा लागेल. त्यानंच दोन शब्दांत सगळं कबूल केलं. कड्या टेबलावर आल्या, हेडमास्तरांनी एकेक वर धरून खाचा वहीशी ताडल्या. मग मी म्हणाले, "आनि एक. उस्मान पखालजी चोर न्हवता. हे समद्यांनी म्हना." आधी शाळेच्या मास्तरीणबाईंनी म्हटलं, मग बाकीच्यांनी. काही ओठातल्या ओठात बोलले, तेही मी मोजून घेतले. बंगलेवाला उठून गेला, छत्री विसरून. बाहेर आषाढाचा पाऊस. कोणी छत्री घेऊन मागं धावलं नाही. मीही नाही.

लोक म्हणतात, सूड घेऊन मन भरत नाही. माझं भरलं. तुला खोटं काय सांगू? मी टांग्यात बसले आणि ह्यांना मनातल्या मनात हाक मारली. म्हातारा नक्की हसला असणार.

तरी तुझं एक बोलणं टोचतंच. मासे थोडेच चढणार आहेत. ते मात्र खरं. तू गेल्यावर पाट गाळानं भरला, हौदाला शेवाळ. खडस अजून दर श्रावणात भिंतीखाली येतो आणि नाक आपटतो. कमी झालेत, पण येतात. काल सभा उठल्यावर धरणावरचा नवा साहेब, मराठी पोरगाच आहे, तुझ्यासारखाच काडी, माझ्यामागं आला. म्हणाला, "चाची, अर्धीच भरायची का खरंच? तोंड उघडं ठेवून?" मी म्हणाले, "व्हय. आनि रिठ्यानं धुवायची न्हाई. ती चूक माझी हुती, लिवून घ्या. जैनबी पखालिनीची." त्यानं लिहून घेतलं. तुझ्या नावावरची एक चूक तरी मी परत घेतली.

आज सकाळी खुंटीवरची पखाल काढली. लाकडासारखी कडक झालीय. कातडं आठ दिवस भिजवावं लागतं, तोवर ती गळत राहते. दारात दगड ठेवून भिजत घातलीय. रेडा टाकव्याच्या भिकूआबांकडून मिळतोय, बादशाच्याच वंशातला, तसाच आळशी. गुडघे माझे गेलेत, पण रेड्याच्या मागं चालायला मला गुडघे कशाला?

हौदापासून वर जायला दोन वाटा आहेत, तुला माहीत आहेत. एक जवळची, भिंतीच्या कडेनं. दुसरी लांबची, बंगलेवाल्याच्या फाटकावरून. माशांना लांबची वाट झेपेल का, ते मी तुझ्या वहीत बघून ठेवलंय. झेपते. श्रावणभर रोज सकाळी तो व्हरांड्यात चहा घेत असेल, तेव्हा मी अर्धी पखाल डुचमळवत त्याच्या फाटकावरून जाईन. सावकाश. वास त्याला यायलाच हवा.